जॉन मॅक्लेंडन

जॉन बी. मॅक्लेंडन, ज्युनियर (जन्म : ५ एप्रिल १९१५, हायवॅथा, कॅन्सस, मृत्यू : ८ ऑक्टोबर १९९९, ओहायो) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे प्रशिक्षक, शारीरिक शिक्षणाचे अध्यापक आणि क्रीडाक्षेत्रातील वर्णविभाजनाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते होते. बास्केटबॉल या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांचे ते विद्यार्थी होत. ज्या कॅन्सस विद्यापीठात त्यांनी नेस्मिथ यांच्याकडे हा खेळ अभ्यासला, त्या विद्यापीठाच्या संघातून ते एकही सामना खेळू शकले नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्या संघात तेव्हा प्रवेश नव्हता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी टेनेसी ए. अँड आय. विद्यापीठाच्या संघाला १९५७, १९५८ आणि १९५९ असे सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. बहुसंख्य गौरवर्णीय विद्यार्थी असलेल्या अमेरिकन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

बास्केटबॉलच्या खेळाला गती देणाऱ्या ‘फास्ट ब्रेक’ या आक्रमणपद्धतीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. कृष्णवर्णीयांची महाविद्यालये आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यामधील बंद दारे उघडण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन

मॅक्लेंडन यांचा जन्म कॅन्सस राज्यातील हायवॅथा या लहान गावी झाला. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांच्या आईचे निधन झाले. त्यामुळे कुटुंबाची काही काळ पांगापांग झाली आणि लहानग्या जॉनला आजी-आजोबांकडे राहावे लागले. वडिलांनी पुनर्विवाह केल्यानंतर कुटुंब पुन्हा एकत्र आले आणि कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे स्थायिक झाले. तेथील समनर हायस्कूल या केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. शालेय वयातच त्यांना बास्केटबॉलची ओढ लागली आणि आपण पुढे प्रशिक्षक व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

कॅन्सस विद्यापीठ आणि नेस्मिथ यांचे मार्गदर्शन

१९३३ मध्ये मॅक्लेंडन यांनी लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. या विद्यापीठाचे बास्केटबॉलशी असलेले नाते फार जुने होते. नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना हा खेळ तयार केला आणि १८९८ मध्ये ते कॅन्ससला आले. तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक तेच होते. त्यांच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले प्रशिक्षक म्हणून खुद्द खेळाच्या जनकाचे नाव घेतले जाते. बास्केटबॉल हा व्यायामाचा आणि चारित्र्य घडवण्याचा मार्ग आहे, जिंकण्यासाठी प्रशिक्षक नेमून शिकवण्याची ती गोष्ट नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यांचा शिष्य फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन याने मात्र प्रशिक्षण हाच आपला पेशा मानला. मॅक्लेंडन विद्यापीठात आले तेव्हा ॲलन हे संघाचे प्रशिक्षक होते आणि सत्तरी ओलांडलेले नेस्मिथ शारीरिक शिक्षण विभागात शिकवत होते.

नेस्मिथ यांनाच मार्गदर्शक म्हणून गाठावे, असा सल्ला मॅक्लेंडन यांना वडिलांनी दिला होता. त्यानुसार ते पहिल्याच दिवसांत नेस्मिथ यांना भेटले आणि नेस्मिथ यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. विद्यापीठाच्या संघात खेळणे मात्र शक्य नव्हते. कॅन्ससच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लव्हॅन्स स्क्वायर्स, १९५१ मध्ये म्हणजे मॅक्लेंडन पदवीधर झाल्यानंतर पंधरा वर्षांनी आला. मैदानात उतरण्याचा मार्ग बंद असल्याने मॅक्लेंडन यांनी खेळाचे निरीक्षण आणि विश्लेषण यांवर भर दिला. चेंडू जेथे असेल तेथेच, म्हणजे मैदानाच्या संपूर्ण लांबीवर, आक्रमण आणि बचाव दोन्ही करता येतात, हा विचार त्यांना नेस्मिथ यांच्याकडून मिळाला. त्यांची पुढची सर्व खेळपद्धती याच विचारावर उभी राहिली.

अध्यापनाचा सराव करण्यासाठी लॉरेन्समधील शाळेत जागा मिळवतानाही वर्णाचा अडथळा आला. तेथे नेस्मिथ यांनी त्यांची बाजू घेतली. १९३६ मध्ये मॅक्लेंडन पदवीधर झाले. कॅन्सस विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. त्यानंतर त्यांनी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली.

जलतरण तलावाचा प्रसंग

शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे येणे आवश्यक होते. परंतु विद्यापीठाच्या जलतरण तलावात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उतरू दिले जात नसे. प्रत्यक्ष पोहण्याची परीक्षा न घेताच मॅक्लेंडन यांना उत्तीर्ण करावे, असा तोडगा पुढे आला. मॅक्लेंडन यांनी तो नाकारला आणि ते तलावात उतरले. त्यानंतर तलावातील पाणी काढून टाकण्यात आले. या प्रकरणात नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले.

अखेर ॲलन यांच्याशी बोलणी होऊन असे ठरले, की काही दिवस तलाव सर्वांना खुला ठेवावा आणि त्या मुदतीत कोणताही अनुचित प्रकार घडला नाही, तर तो कायमचा खुला करावा. मॅक्लेंडन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्या मुदतीत तलावाकडे फिरकू नये, असे सांगितले. साहजिकच कोणताही प्रकार घडला नाही आणि अट पूर्ण होऊन तलाव सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला झाला. तत्त्वाच्या बाबतीत माघार न घेणे, परंतु प्रतिपक्षाला विरोधासाठी निमित्तही न देणे, ही त्यांची कार्यपद्धती या प्रसंगात प्रथम दिसली.

नॉर्थ कॅरोलायना कॉलेज (१९३७–१९५२)

१९३७ मध्ये मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरॅम येथील ‘नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर नीग्रोज’ या संस्थेत साहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. ही संस्था आज नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी या नावाने ओळखली जाते. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा शाळा, बस, उपाहारगृहे, रुग्णालये आणि क्रीडांगणे कायद्यानेच वर्णानुसार विभागलेली होती. शहराच्या एका भागात ड्यूक हे श्रीमंत, गौरवर्णीयांचे विद्यापीठ होते, तर दुसऱ्या भागात मॅक्लेंडन यांचे महाविद्यालय होते. दोघांचे संघ एकमेकांविरुद्ध कधीही खेळत नसत.

१९४० मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम उभारण्याचे कामही त्यांनी केले. त्यांच्या संघाने ‘सीआयएए’ या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या स्पर्धांत लवकरच दबदबा निर्माण केला. ही संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली होती. गौरवर्णीय महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धांत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना आमंत्रण मिळत नसल्यामुळे संघ कितीही चांगला असला तरी त्याची खरी उंची मोजण्याचे साधन नव्हते. वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवरही या संघांना क्वचितच जागा मिळे.

गुप्त सामना (१९४४)

१९४३-४४ च्या हंगामात मॅक्लेंडन यांच्या संघाने केवळ एक सामना गमावला होता. त्याच काळात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाचा संघही चांगलाच बलाढ्य होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी प्रशिक्षण योजनेमुळे निरनिराळ्या महाविद्यालयांत खेळलेले अनेक चांगले खेळाडू तेथे एकत्र आले होते. दोन्ही संस्थांतील वायएमसीएशी संबंधित विद्यार्थी अधूनमधून गुपचूप भेटत असत. अशाच संपर्कातून कोणता संघ श्रेष्ठ हा प्रश्न निघाला आणि सामन्याची कल्पना पुढे आली.

रविवार, १२ मार्च १९४४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास, शहरातील बहुतेक लोक आणि पोलीसही चर्चमध्ये असतील अशी वेळ साधून, हा सामना नॉर्थ कॅरोलायना कॉलेजच्या व्यायामशाळेत झाला. ड्यूकचे खेळाडू आडवळणाच्या रस्त्यांनी मोटारींतून आले. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. अधिकृत प्रेक्षक नव्हते; मात्र कुणकुण लागलेले काही विद्यार्थी खिडक्यांवर चढून आत पाहत होते. सुरुवातीला दोन्ही बाजूंचे खेळाडू बिचकत होते. खेळाला लय आल्यावर मॅक्लेंडन यांच्या खेळाडूंचा वेग ड्यूकच्या संघाला झेपेना. अखेर नॉर्थ कॅरोलायना कॉलेजने ८८–४४ असा विजय मिळवला.

त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू एकमेकांत मिसळले आणि मिश्र संघ करून आणखी एक डाव खेळले. खेळ संपल्यावर ड्यूकचे विद्यार्थी काही वेळ वसतिगृहात गप्पा मारत थांबले आणि मग परतले.

या गुप्ततेमागे खरी भीती होती. त्याच वर्षी जुलैमध्ये डरॅम येथे बुकर टी. स्पायसली या कृष्णवर्णीय सैनिकाला, बसमधील आसनावरून झालेल्या वादानंतर, बसच्या चालकाने गोळ्या घालून ठार केले आणि न्यायालयात तो चालक निर्दोष सुटला. अशा शहरात दोन वर्णांचे तरुण एका मैदानात अंगाला अंग लावून खेळले, हे उघड झाले असते तर खेळाडू, प्रशिक्षक आणि महाविद्यालय या सर्वांनाच त्याची किंमत मोजावी लागली असती. म्हणून या सामन्याचे वृत्त कोणत्याही वृत्तपत्रात आले नाही. अर्धशतकानंतर, १९९६ मध्ये, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी लिहिलेल्या लेखामुळे हा सामना सर्वसामान्य वाचकांना माहीत झाला. २०१५ मध्ये एल्सवर्थ यांचे याच विषयावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले.

सीआयएए स्पर्धा आणि व्यावसायिक खेळाची वाट

सीआयएएचे विजेतेपद पूर्वी हंगामातील सामन्यांच्या निकालांवरून ठरत असे. त्याऐवजी हंगामाच्या अखेरीस बाद पद्धतीची स्पर्धा भरवावी, या विचाराच्या पुरस्कर्त्यांत मॅक्लेंडन प्रमुख होते. १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली स्पर्धा झाली. अंतिम सामना जादा वेळेच्या तीन फेऱ्यांपर्यंत लांबला आणि मॅक्लेंडन यांच्या संघाने व्हर्जिनिया युनियनला हरवून विजेतेपद मिळवले. ही स्पर्धा पुढे कृष्णवर्णीय समाजाच्या जीवनातील एक मोठा वार्षिक मेळावा बनली आणि आजही भरते.

१९५० मध्ये एनबीए या व्यावसायिक संघटनेची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना उघडू लागली. मॅक्लेंडन यांचा खेळाडू हॅरल्ड हंटर आणि वेस्ट व्हर्जिनिया स्टेटचा अर्ल लॉइड या दोघांना ते स्वतः वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाच्या चाचणीसाठी घेऊन गेले. दोघांनाही करार मिळाला. हंटर हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघातून वगळला गेला. लॉइड मात्र ३१ ऑक्टोबर १९५० रोजी एनबीएचा सामना खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. हंटर पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाला. पुढे बॉस्टन सेल्टिक्सकडून दहा विजेतेपदे जिंकणारा सॅम जोन्स हाही मॅक्लेंडन यांच्या तेथील अखेरच्या काळात महाविद्यालयात दाखल झालेला खेळाडू होय.

टेनेसी ए. अँड आय. (१९५४–१९५९)

१९५२ ते १९५४ या काळात व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूट येथे काम केल्यानंतर मॅक्लेंडन नॅशव्हिल येथील टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात आले. आज ते टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते.

कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना राष्ट्रीय स्पर्धांत स्थान मिळावे, यासाठी ते आणि त्यांचे सहकारी प्रशिक्षक अनेक वर्षे पाठपुरावा करत होते. एनसीएए या सर्वांत मोठ्या संघटनेकडून दाद मिळाली नाही. तुलनेने लहान महाविद्यालयांच्या एनएआयए या संघटनेने मात्र १९५३ मध्ये आपली स्पर्धा या महाविद्यालयांना खुली केली. एनएआयएच्या स्पर्धा मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे, म्हणजे मॅक्लेंडन जेथे लहानाचे मोठे झाले त्या शहराच्या अगदी शेजारी, होत असत.

१९५४ मध्ये एनएआयएच्या हंगामपूर्व स्पर्धेचे आमंत्रण टेनेसीच्या संघाला आले. तोवर कृष्णवर्णीय खेळाडूंची सोय शहरातील त्यांच्याच वस्तीत केली जाई. आपला संघ इतर संघांप्रमाणेच शहराच्या मध्यवर्ती भागातील हॉटेलात उतरेल आणि तेथेच जेवेल, ही अट मान्य झाली तरच येऊ, असे मॅक्लेंडन यांनी कळवले. अट मान्य झाली. त्यांच्या संघाने ती स्पर्धाही जिंकली.

१९५७ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेनेसीने साउथईस्टर्न ओक्लाहोमाचा ९२–७३ असा पराभव केला. सर्व वर्णांच्या संघांना खुल्या असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाने मिळवलेले हे पहिले विजेतेपद होते. १९५८ मध्ये वेस्टर्न इलिनॉयला ८५–७३ असे, तर १९५९ मध्ये पॅसिफिक लुथरनला ९७–८७ असे हरवून संघाने विजेतेपद कायम राखले. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारे मॅक्लेंडन हे महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील पहिले प्रशिक्षक ठरले. या संघातील डिक बार्नेट, जॉन बार्नहिल आणि बेन वॉर्ली हे पुढे एनबीएत खेळले. त्यांपैकी बार्नेट हा १९७० आणि १९७३ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या न्यू यॉर्क निक्स संघाचा सदस्य होता.

व्यावसायिक संघ

१९५९ मध्ये मॅक्लेंडन ओहायोतील क्लीव्हलँड पायपर्स या संघाचे प्रशिक्षक झाले. हा संघ तेव्हा औद्योगिक कंपन्यांच्या संघांच्या लीगमध्ये खेळत असे. १९६१ मध्ये त्याने हौशी खेळाडूंच्या एएयू या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी संघ अमेरिकन बास्केटबॉल लीग या नव्या व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला आणि मॅक्लेंडन अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. मात्र खेळाडूंच्या वेतनावरून संघमालकांशी मतभेद झाल्यामुळे १९६२ च्या प्रारंभी, हंगाम सुरू असतानाच, त्यांनी राजीनामा दिला. त्या हंगामाचे विजेतेपद पायपर्सनेच मिळवले. तेव्हा प्रशिक्षकपदी बिल शर्मन होते.

१९६९ मध्ये ते एबीए या लीगमधील डेन्व्हर रॉकेट्स संघाचे प्रशिक्षक झाले. त्या लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. पहिल्या २८ सामन्यांत ९ विजय आणि १९ पराभव झाल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यात आले. प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द येथे संपली.

क्लीव्हलँड स्टेट (१९६६–१९६९)

पायपर्स सोडल्यानंतर काही वर्षे मॅक्लेंडन यांनी केंटकी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षण दिले. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांची मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. बहुसंख्य गौरवर्णीय विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय व्यक्तीला हे पद देण्याची ही पहिलीच वेळ होती.

१९६६ हे वर्ष अमेरिकन बास्केटबॉलच्या इतिहासात इतर कारणांनीही महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये टेक्सस वेस्टर्न संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून एनसीएएच्या अंतिम सामन्यात केंटकीच्या पूर्णतः गौरवर्णीय संघाला हरवले. केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप हे कॅन्ससमध्ये ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले होते. अशा प्रकारे रप आणि मॅक्लेंडन या दोघांचीही खेळातील परंपरा नेस्मिथ यांच्यापर्यंत पोहोचते. एकाला त्या संघात जागा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. त्याच वर्षी बिल रसेल यांची बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक म्हणून निवड झाली आणि ते एनबीएतील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले.

क्लीव्हलँड स्टेटमधील तीन हंगामांत मॅक्लेंडन यांच्या संघाला विजयांपेक्षा पराभवच अधिक पत्करावे लागले. कार्यक्रमाची पायाभरणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि या कालखंडाचे महत्त्व सामन्यांच्या निकालांत नसून नेमणुकीच्या पायंड्यात आहे, असे मानले जाते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकवर्गातही त्यांचा समावेश होता.

खेळपद्धती

प्रारंभीच्या काळात बास्केटबॉल हा संथ खेळ होता. प्रत्येक गोलानंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंमध्ये उंच उडवला जाई आणि खेळ पुन्हा सुरू होई. १९३७-३८ च्या हंगामापासून हा नियम रद्द झाला. गोल खाल्लेला संघ आता लगेच चेंडू घेऊन पुढे धावू शकत होता. मॅक्लेंडन यांची कारकीर्द नेमकी याच सुमारास सुरू झाली आणि या बदलातील शक्यता त्यांनी पुरेपूर ओळखली.

त्यांच्या पद्धतीत चेंडू हाती येताच पाचही खेळाडूंनी ठरलेल्या मार्गांनी धाव घ्यायची आणि प्रतिपक्षाचा बचाव उभा राहण्याआधी बास्केटपर्यंत पोहोचायचे, हा मुख्य नियम होता. ही धाव स्वैर नसे. कोणी बाजूची वाट धरायची, कोणी मधून चेंडू न्यायचा, कोणी मागे राहून दुसरी लाट व्हायचे, हे सर्व सरावात बसवलेले असे. बचावातही संपूर्ण मैदानभर प्रतिपक्षावर दडपण ठेवले जाई. असा खेळ चाळीस मिनिटे टिकवायचा तर दम लागतो. म्हणून हंगामाआधी खेळाडूंकडून लांब पल्ल्याचे धावणे करून घेण्यावर त्यांचा कटाक्ष असे. आघाडी मिळाल्यावर खेळाडू मैदानाच्या कोपऱ्यांत पसरवून चेंडू ताब्यात ठेवण्याची युक्तीही त्यांनी वापरली. ती पुढे ‘फोर कॉर्नर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिचे श्रेय बहुधा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांना दिले जाते.

१९६५ मध्ये मॅक्लेंडन यांनी वेगवान खेळाच्या तंत्रावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले.

सामाजिक संदर्भ

मॅक्लेंडन यांच्या कारकिर्दीतील संघर्ष भारतीय, विशेषतः मराठी वाचकाला परका वाटणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने पाणी प्राशन केले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच केला होता, तरीही सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. काही वर्षांनी कॅन्ससमध्ये एका विद्यार्थ्याच्या पोहण्यामुळे तलाव रिकामा करण्यात आला. दोन्ही ठिकाणी एका माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, हीच समजूत होती.

खेळाच्या क्षेत्रातही असेच साम्य दिसते. पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाजांपैकी एक होते. पुण्यात खेळताना मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चाले, पण चहा त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर वेगळ्या भांड्यात दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू पळवणकर विठ्ठल यांना मिळाले. गुणवत्ता मान्य करायची, परंतु नेतृत्व आणि पंगत नाकारायची, हा प्रकार मॅक्लेंडन यांनीही अनुभवला. म्हणूनच कॅन्सस सिटीतील स्पर्धेचे आमंत्रण त्यांना पुरेसे वाटले नाही. हॉटेल आणि जेवणाचे टेबल यांचा प्रश्न त्यांनी आधी सोडवून घेतला.

भारतात बास्केटबॉल रुजला तोही वायएमसीएमार्फतच. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने देशभरातील शाळा-महाविद्यालयांना क्रीडाशिक्षक पुरवले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना झाली.

उत्तरायुष्य

१९६९ नंतर मॅक्लेंडन यांनी कॉन्व्हर्स या क्रीडापादत्राणे बनवणाऱ्या कंपनीसाठी काम केले. त्या निमित्ताने त्यांनी अनेक देशांत प्रशिक्षण शिबिरे घेतली. आयुष्याच्या शेवटच्या दशकात ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात परतले आणि तेथे क्रीडेतिहास व त्यातील अल्पसंख्याकांचे योगदान हा विषय शिकवू लागले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

१९७९ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. हा सन्मान त्यांना ‘योगदानकर्ता’ या वर्गात मिळाला; प्रशिक्षक म्हणून नव्हे. त्यांच्या गुरूचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेने त्यांच्या प्रशिक्षणकौशल्याची स्वतंत्र दखल घ्यायला आणखी ३७ वर्षे लागली. २०१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, ‘प्रशिक्षक’ या वर्गातही त्यांची निवड झाली. २०१९ मध्ये १९५७ ते १९५९ या काळातील टेनेसी ए. अँड आय. संघाला आणि २०२४ मध्ये डिक बार्नेट यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. क्रीडाव्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती दिली जाते. २००७ मध्ये इतिहासकार मिल्टन कॅट्झ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

• १९३७–१९४० : नॉर्थ कॅरोलायना कॉलेज, साहाय्यक प्रशिक्षक
• १९४०–१९५२ : नॉर्थ कॅरोलायना कॉलेज, मुख्य प्रशिक्षक
• १९५२–१९५४ : हॅम्प्टन इन्स्टिट्यूट
• १९५४–१९५९ : टेनेसी ए. अँड आय.; एनएआयए विजेतेपदे १९५७, १९५८, १९५९
• १९५९–१९६२ : क्लीव्हलँड पायपर्स, एएयू विजेतेपद १९६१
• १९६० च्या दशकाचा मध्य : केंटकी स्टेट
• १९६६–१९६९ : क्लीव्हलँड स्टेट
• १९६९ : डेन्व्हर रॉकेट्स